मदत हवी आहे: डेटाबेस रिसेटची स्क्रिप्ट 'झालं' म्हणते पण जुना डेटा तसाच

मंडळी, दोन दिवस डोकं खातंय हे. माझ्या मशीनवरचा पोस्टग्रेसचा डेव्हलपमेंट डेटाबेस पुसून परत भरायला एक बॅश स्क्रिप्ट केलीये, पाचच ओळी, ड्रॉपडीबी (डेटाबेस पुसतं), क्रिएटडीबी (नवा बनवतं), मग पीएसक्यूएलने (एसक्यूएल फाइल चालवणारी कमांड) आधी स्कीमाची, म्हणजे टेबलांच्या रचनेची, फाइल नि नंतर सीडची, म्हणजे सुरुवातीच्या डेटाची, शेवटी एको 'झालं'. ॲपचा सर्व्हर बंद असताना मस्त चालते. चालू राहिला असेल तर 'झालं' येतं खरं, पण ॲप उघडलं की परवा मीच टाकलेली 'टेस्ट टेस्ट ३' नावाची ऑर्डर माझ्याकडे बघत बसलेली असते.

आउटपुट वर सरकवून बघितलं तर ड्रॉपडीबी पहिल्याच ओळीत रडलंय, डेटाबेस वापरात आहे, आणखी २ सेशन (जोडण्या) आहेत. मग क्रिएटडीबी म्हणतं डेटाबेस आधीच आहे, स्कीमा म्हणतो टेबल आधीच आहे, असा एररचा नुसता पाऊस आणि खाली ऐटीत 'झालं'. सेट -ई (चूक आली की स्क्रिप्ट थांबवणारी ओळ) टाकल्यावर निदान ड्रॉपला थांबते, पण सीडमध्ये मुद्दाम चूक केली तरी पुढे जातेच. (आउटपुट टी या कमांडला पाइप करून, म्हणजे तिच्याकडे वळवून, लॉगमध्ये टाकतो, त्याचा संबंध असेल का?)

आणि ती सेशन माझ्याच ॲप सर्व्हरच्या पूलची (उघडून ठेवलेल्या जोडण्यांची) आहेत, आयडल, म्हणजे नुसती बसलेली. पीजी_टर्मिनेट_बॅकएंडने मारली तर ड्रॉप व्हायच्या आत पूल नवीन उघडतो. दर वेळी सर्व्हर बंद करायचा कंटाळा येतो हो. पोस्टग्रेसचं व्हर्जन १२ आहे.

प्रतिसाद: संबंध आहेच. पाइपचा एक्झिट कोड (काम नीट झालं का सांगणारा आकडा, शून्य म्हणजे ठीक) शेवटच्या कमांडचा, म्हणजे टीचा, आणि टीचं काही बिघडलेलंच नसतं. सेट -ओ पाइपफेल लावा, मग पाइपमधली कुठलीही कमांड फसली तरी कळेल. पण तेवढ्याने भागणार नाही, फाइलमध्ये एरर आली तरी पीएसक्यूएल पुढे जातं आणि शून्यच परत देतं, त्याला -व्ही ऑन_एरर_स्टॉप=१ द्या, मग पहिल्या चुकीला थांबून ३ देईल.

सेशनसाठी ड्रॉपडीबीला --फोर्स आहे पण ते १३ पासून (१२ चा सपोर्ट २०२४ मध्येच संपलाय, बदला आता). तोवर 'पोस्टग्रेस' नावाच्या मूळच्या डेटाबेसला जोडून आधी ऑल्टर डेटाबेसने तुमच्या डेटाबेसचं अलाउ_कनेक्शन्स फॉल्स करा (नव्या जोडण्या बंद), मग टर्मिनेट, मग ड्रॉप. दार न लावता हाकलाल तर परत येणारच ना. ड्रॉप फसला तर मात्र ते ट्रू करा, नाहीतर सगळे अधिकार असलेल्या सुपरयुजरलाही आत घेत नाही.

आणि सगळ्यात वर पीजीहोस्ट (कुठल्या मशीनला जोडतोय ते) तपासा, लोकलहोस्ट, म्हणजे आपलंच मशीन, नसेल तर सरळ एक्झिट. हे मी अनुभवाने सांगतोय, जास्त विचारू नका.

धागाकर्ता: चाललं, सर्व्हर चालू ठेवून सलग चारदा केलं! पण आता ॲपमधून पहिली ऑर्डर टाकली की 'डुप्लिकेट की' असा एरर येतो, आयडी १ आधीच आहे म्हणे. सीडमध्ये आयडी हाताने लिहिलेत, म्हणून सीक्वेन्स (पुढचा आयडी देणारा काउंटर) हललाच नाही का?

प्रतिसाद: हो, तेच. सीडच्या शेवटी प्रत्येक टेबलच्या सीक्वेन्सला सेटव्हॅलने त्या टेबलचा मॅक्स, म्हणजे सगळ्यात मोठा, आयडी द्या. नाहीतर आयडी लिहूच नका.