मदत हवी आहे: वर्षभराचा मोबाईल रिचार्ज मार्चअखेर वह्यांत कसा दाखवायचा?

रावेरकडचा:
केळीची खरेदी-विक्री आणि जोडीला केळी वेफर्सचं छोटं युनिट आहे. एकट्याच्या मालकीचा धंदा, जीएसटी नोंदणी आहे, हिशेब टॅली प्राइम सॉफ्टवेअरवर मर्कंटाइल पद्धतीने (पैसे कधीही दिले तरी खर्च ज्या काळाचा त्या काळात धरायचा). १ डिसेंबर २०२५ ला सहा सिमवर ३६५ दिवसांचा रिचार्ज मारला. प्रत्येकी जीएसटीसह ३,५४० रुपये, एकूण २१,२४०. सगळी रक्कम टेलिफोन खर्चाला टाकली आहे. दोन सिम ऑफिसात, दोन खरेदीवाल्या पोरांकडे, एक गाडीच्या जीपीएसमध्ये आणि एक मळ्यातल्या विहिरीचा पंप फोनवरून चालू-बंद करणाऱ्या मोबाईल स्टार्टरमध्ये. पुढच्या वर्षाचा हिस्सा वेगळा काढावा लागेल का? आणि जीएसटी परत मिळेल का?

पक्की वही:
भाऊ, आधी स्टार्टरचं सिम बाजूला काढा. घरच्या मळ्याचं पाणी हा शेतीचा खर्च आहे. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून त्याचा खर्च धंद्याच्या नफ्यातून वजा होत नाही. टॅलीत एफ७ दाबून जर्नलमध्ये ड्रॉइंग्ज (मालकाने स्वतःसाठी काढलेली रक्कम) नावे ३,५४०, टेलिफोन खर्च जमा ३,५४०.

राहिली पाच सिम, १७,७०० रुपये. महिन्यांनी भागू नका, दिवसांनी भागा. १ डिसेंबर ते ३१ मार्च १२१ दिवस, १ एप्रिल ते ३० नोव्हेंबर २४४ दिवस. या वर्षाचा खर्च ५,८६७.६७, पुढे जाणारे ११,८३२.३३. पैसे इथेच चुकतात, म्हणून दोन्ही आकड्यांची बेरीज १७,७०० येते का ते बघा.

करंट असेट्स गटात 'आगाऊ भरलेला खर्च' हे खातं उघडा. ३१ मार्चला हे खातं नावे ११,८३२.३३, टेलिफोन खर्च जमा. १ एप्रिलला बरोबर उलटी नोंद. ही उलटी नोंद विसरली की रक्कम वर्षानुवर्षे ताळेबंदात पडून राहते आणि खर्च कुठल्याच वर्षात लागत नाही. टॅलीतलं रिव्हर्सिंग जर्नल यासाठी वापरू नका. ते सिनॅरियोच्या, म्हणजे 'असं धरलं तर' अशा तात्पुरत्या अहवालापुरतं असतं, मूळ खात्यांवर त्याचा परिणाम होत नाही.

तापीकाठ:
दिवस मोजताना पैसे भरल्याची तारीख धरू नका. जुना प्लॅन संपायच्या आत रिचार्ज मारला तर नवा बहुधा रांगेत थांबतो आणि जुना संपल्यावर सुरू होतो. प्रत्येक नंबरची सुरू आणि संपण्याची तारीख ॲपमध्ये पाहून तीच नॅरेशनमध्ये (नोंदीखालच्या टिपेत) लिहा. पाचही सिमच्या तारखा वेगळ्या निघाल्या तर पाच हिशेब करावे लागतील.

आता जीएसटी. ॲपवरून मारलेल्या रिचार्जच्या बिलावर तुमचा जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक) नसेल तर आयटीसी (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) नाही. तेव्हा करासह ३,५४० हाच खर्च. बिल जीएसटीआयएनसह असेल आणि जीएसटी पोर्टलवरच्या २बी विवरणात दिसत असेल, तर ३,००० खर्च आणि ५४० कर, म्हणजे २७० सीजीएसटी आणि २७० एसजीएसटी. पण तुमच्याकडे ताजी केळी करमुक्त आणि वेफर्स करपात्र. दोन्हीकडे वापरलेल्या फोनवरचा आयटीसी उलाढालीच्या प्रमाणातच राहतो, करमुक्त विक्रीचा वाटा उलटवावा लागतो. वेफर्स युनिटचं स्वतंत्र सिम असेल तर त्याचा पूर्ण घेता येतो. कॉर्पोरेट पोस्टपेड जोडणीत बिल जीएसटीआयएनवर सहज येतं, तो पर्याय विचारून ठेवा.

रोजमेळ:
इतक्या थोड्या रकमेसाठी एवढा खटाटोप? दरवर्षी सगळा रिचार्ज भरला त्याच वर्षी खर्चात टाका, पद्धत मात्र बदलू नका.

पक्की वही:
२८ दिवसांच्या रिचार्जला हे मान्य. तिथे वर्षात १३ नोंदी होतात आणि मार्चअखेर उरलेलं किरकोळ असतं. इथे मात्र दोन-तृतीयांश रक्कम पुढच्या वर्षाची आहे आणि वह्या मर्कंटाइल आहेत. दोन नोंदींचं काम आहे, करून टाका.

रावेरकडचा:
समजलं. आणखी एक: पोरं कधी स्वतःच्या नंबरवर युपीआयने डेटा मारतात आणि माझ्याकडून पैसे घेतात. ते कसं?

तापीकाठ:
रिचार्जच्या पावतीचा स्क्रीनशॉट, नंबर आणि तारीख व्हाउचरला जोडा. टेलिफोन खर्च नावे, त्या पोराचं खातं जमा. पैसे दिले की खातं मिटतं. पावतीशिवाय दरमहा ठरावीक रक्कम देत असाल तर तो भत्ता आहे, पगाराच्या खात्यात टाका. ऑफिसातल्या दोनपैकी जो नंबर घरीही चालतो, त्याचा घरगुती वाटा ठरवून ड्रॉइंग्जला न्या आणि तो कसा ठरवला ते नॅरेशनमध्ये लिहा. ही नोंद ३१ मार्चलाच, आगाऊ हिस्सा वेगळा काढल्यावर करा, नाहीतर पुढच्या वर्षाच्या रकमेतूनही वाटा कापला जातो.