मदत हवी आहे: ईडिपसचं ‘प्रारब्ध’ म्हणावं की ‘दैव’?

वाचनगटासाठी प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीजच्या ‘राजा ईडिपस’वर टिपण लिहितेय आणि एका जागी अडलेय. (ईडिपसच्या हातून नकळत बापाचा खून आणि आईशी लग्न घडतं; हे कळल्यावर तो स्वतःचे डोळे फोडून घेतो.)

डोळे फोडून घेतलेल्या ईडिपसला कोरस (नाटकातला गायकवृंद) विचारतो, कुठल्या दैवी शक्तीनं तुला हे करायला लावलं? तो म्हणतो, ही दुःखं अपोलो देवानं घडवली, पण घाव घालणारा हात माझाच. एका दमात दोन्ही! इथे ‘प्रारब्ध’ लिहिलं की मागच्या जन्मीचं कर्म आपसूक आत शिरतं, आणि नाटकात तसं काहीच नाही. ‘दैव’ लिहिलं तर ‘हात माझाच’ फिकं पडतं.

त्यात इ.स.पू. 401मध्ये, सोफोक्लीजच्या मृत्यूनंतर रंगमंचावर आलेल्या ‘कोलोनसमधला ईडिपस’मध्ये म्हातारा ईडिपस ठासून सांगतो की तिठ्यावर मारलेला माणूस आपला बाप आहे हे ठाऊकच नव्हतं, म्हणून मी निर्दोष. हे वाचून माझा गोंधळ वाढला.

दोन इंग्रजी भाषांतरं ताडून पाहिली, ॲरिस्टॉटलच्या ‘काव्यशास्त्रा’तलं 13वं प्रकरणही वाचलं. त्यात नायकाच्या नाशाचं कारण म्हणून सांगितलेली ‘हमार्तिया’ म्हणजे स्वभावदोष नव्हे, अजाणता घडलेली चूक, हे मला पटतं. त्यामुळे ‘अहंकारामुळे नाश’ हे उत्तर नको, फ्रॉइडचा मनोविश्लेषणातला अर्थही नको. मला ग्रीक येत नाही.

मूळ ग्रीक वाचलेल्यांनी कृपया सांगा: ‘हात माझाच’ हे फक्त डोळ्यांवरच्या घावाबद्दल आहे, की बापाच्या खुनाचाही त्यात कबुलीजबाब आहे? आणि त्या अपोलोच्या वाट्यासाठी तुम्ही मराठीत कोणता शब्द वापराल?