प्रतिसाद : आजी, दोन मुलं आणि मुंबईतलं चित्रप्रदर्शन

आजी आणि दोन मुलांना घेऊन धामणगावहून रविवारी रात्री निघून सोमवारी मुंबईत प्रदर्शन बघायचं, असा तुमचा बेत आहे. तो एक दिवस आधी सरकवा. काळा घोड्याजवळची नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट सोमवारी बंद असते. समोरची जहांगीर आर्ट गॅलरी उघडी मिळेल, प्रवेशही मोफत, पण एवढ्या लांबून येऊन अर्धंच बघणं परवडत नाही.

विदर्भ एक्स्प्रेस सकाळी सीएसएमटीला सोडते. दोन्ही दालनं अकरापर्यंत उघडतात, मधल्या वेळात सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवा. बॅगेला कुलूप नसेल तर ती घेत नाहीत, नुसती झिप लावून चालत नाही. प्रवासाचं तिकीटही दाखवावं लागतं. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्ध्या तिकिटावर बर्थ मिळत नाही. रात्रभराचा प्रवास आहे, पूर्ण तिकीटच काढा.

नॅशनल गॅलरीत वर घुमटापर्यंत जिन्यांनी चढत जावं लागतं. आजींचे गुडघे धरत असतील तर त्यांना जहांगीरचं तळमजल्यावरचं दालन दाखवा. मुलांचा जीव दीड तासाच्या वर रमत नाही, म्हणून सगळं बघायचा हट्ट नको. प्रत्येकाने तीन चित्रं निवडावी. मोठं तैलचित्र आधी आठ-दहा फुटांवरून, मग जवळून. चित्राशेजारची माहितीची पाटी शेवटी वाचायची, नाहीतर पोरं पाट्याच वाचत पुढे सरकतात. फोटोचं मात्र दारावरच विचारून घ्या.