आमंत्रण, यजमान, वाडा : गावाकडच्या जेवणापासून वाड्याच्या चौकापर्यंत

प्रश्न : येत्या शनिवार-रविवारी काही स्नेह्यांना आम्ही गावी दुपारच्या जेवणाला बोलावले असून, जेवणे आटोपल्यावर सर्वांना मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा दाखवण्याचा बेत आहे. पत्रात ‘आमंत्रण’ लिहावे की ‘निमंत्रण’? स्वतःचा उल्लेख ‘यजमान’ असा करता येईल का? सोबत वाड्याविषयी छोटे टिपण द्यायचे आहे. त्यात ‘व्हरांडा’, ‘हॉल’ हे शब्द खटकतात, पण नेमके शब्द सुचत नाहीत.

उत्तर : आजच्या मराठीत ‘आमंत्रण’ आणि ‘निमंत्रण’ हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात आणि त्यात चूक काढण्याचे कारण नाही. तथापि संस्कृत व्याकरणात हा भेद काटेकोर होता. पाणिनीने विध्यर्थाच्या सूत्रात दोन्ही शब्द वेगवेगळे घेतले आहेत आणि त्यावर भट्टोजी दीक्षितांनी दिलेले स्पष्टीकरण जेवणाचेच आहे : श्राद्धभोजनासारख्या आवश्यक प्रसंगी मुलीच्या मुलाला यायला लावणे हे निमंत्रण, तर यावे की न यावे हे समोरच्याच्या इच्छेवर सोडणे हे आमंत्रण. म्हणजे निमंत्रण नाकारणे दोषास्पद, आमंत्रण नाकारण्याची मात्र मुभा. पाहुण्यांना दूरवरून यायचे असेल आणि कोणालाही संकोचात टाकायचे नसेल, तर ‘आमंत्रण’ अधिक सौजन्याचे, असे माझे मत आहे. (लग्नपत्रिकांवर मात्र ‘निमंत्रक’च शोभतो; तिथे न येण्याची सोय कोणी ठेवलेली नसते.)

‘यजमान’ हे ‘यज्’ या धातूचे रूप असून, पुरोहिताकडून स्वतःसाठी यज्ञ करवून घेणारा व त्याचा खर्च सोसणारा, असा त्याचा मूळ अर्थ आहे. मराठीत तो भिक्षुकाचा आश्रयदाता, घरधनी, नवरा आणि पाहुणचार करणारा अशा अनेक अर्थांनी रुळला. पाहुण्याने ‘आमचे यजमान’ म्हणणे स्वाभाविक आहे, पण स्वतःच स्वतःला यजमान म्हणवून घेतले की पत्राला सभेच्या अहवालाचा सूर लागतो. आपण ‘आपले स्नेहांकित’ लिहावे.

वाड्याच्या भागांना मराठीत स्वतंत्र शब्द आहेत आणि परका माणूस कुठवर येऊ शकतो, हेही त्यांतून कळते. मोठ्या दरवाजाच्या एका फळीत माणूस वाकून जाईल एवढे लहान दार असते, ती ‘दिंडी’. दरवाजाच्या आत दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांच्या बैठकीची जागा, ती ‘देवडी’. पुढे मोकळा ‘चौक’ आणि त्याच्याभोवती खांबांवर तोललेले, चौकाच्या बाजूने उघडे असलेले ‘सोपे’. चारही बाजूंना सोपे असले की घर ‘चौसोपी’. आलेला माणूस साधारणपणे सोप्यात बसे, ‘माजघरा’त घरचीच माणसे वावरत. ‘माज’ म्हणजे मधले, संस्कृत ‘मध्य’ प्राकृतातून झिजत आलेला. त्याहून मागे स्वयंपाकघर आणि परसू. तेव्हा जिथे आपण ‘व्हरांडा’ लिहिणार होता, तिथे ‘सोपा’ लिहावे. ‘हॉल’ला एकच प्रतिशब्द शोधू नये, कारण वरच्या मजल्यावरची जागा असेल तर ती ‘दिवाणखाना’ असेल, खालची असेल तर सोपा किंवा माजघर.

पुरवणी : वरील उत्तरातील ‘सोपा’ देशावरचा आहे. कोकणात त्याच कामासाठी ‘ओटी’ आणि ‘पडवी’ हे शब्द आहेत, आणि ‘ओसरी’ दोन्हीकडे चालते. परक्याने कुठे थांबावे याची रेषा किती पक्की होती, हे ‘भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी’ या म्हणीवरून दिसते. वाईट वाटण्याचे कारण त्याला जागा दिली हे नसून, दिलेल्या जागेची हद्द त्याने ओलांडली हे आहे.

आणखी एक : टिपणात ‘वाडा’ आणि ‘गढी’ यांची सरमिसळ टाळावी. गढी म्हणजे पाटील-देशमुखांची, बुरूज असलेली तटबंद वास्तू. ती बहुधा पांढऱ्या मातीची असते. गावाच्या वस्तीची जमीन ती ‘पांढरी’ आणि शेतीची ती ‘काळी’, हा जुन्या कागदपत्रांतला भेद इथे आठवावा. मेणवलीची वास्तू कृष्णेच्या काठावरची, घाटालगतची, पेशवाईतल्या एका मुत्सद्द्याची असून त्यांचे दफ्तर ‘मेणवली दफ्तर’ या नावाने ओळखले जाते. तिला वाडाच म्हणतात. मात्र ‘वाडा’ म्हटले की श्रीमंतीच डोळ्यांपुढे यावी असे नाही. मुळात तो बंदिस्त आवाराचा वाचक आहे, म्हणून कुंभारवाडा ही आळी होते, दक्षिण कोकणात गुरांचाही वाडा असतो, आणि मेंढरे घेऊन फिरणाऱ्या धनगरांचा मुक्कामही वाडाच असतो. ‘हवेली’ या शब्दाने उत्तरेकडची वास्तू मनात येते, शिवाय पुणे जिल्ह्यात त्या नावाचा तालुका असल्याने वाचक भलतीकडे जाण्याची शक्यता आहे.