मदत हवी आहे : प्लग-इन हायब्रिडची बॅटरी वाटेत संपली, तर पुण्याच्या रस्त्यावर आणि तुळजापूरच्या घाटात गाडीत किती जोर उरतो?

नमस्कार मंडळी,

अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे आणि घर जुळे सोलापुरात. अकरा वर्षे साथ दिलेली डिझेल गाडी आता बदलावी लागणार आहे. नवी गाडी कोणती, हे ठरवण्याआधी एक तांत्रिक बाब मला नीट समजून घ्यायची आहे. जाणकारांनी सवडीने उत्तर द्यावे, ही विनंती.

आमच्या गाडीचा वापर ठरलेला आहे. सकाळी कारखाना, दुपारी जेवायला घर, पुन्हा कारखाना आणि रात्री परत, अशा चार फेऱ्या मिळून रोजचे ३६ ते ४० किलोमीटर होतात. महिन्यातून दोनदा व्यापाराच्या कामासाठी पुण्याला जावे लागते. ते एका बाजूने सुमारे अडीचशे किलोमीटर. शिवाय पौर्णिमेला आईला घेऊन तुळजापूरला जाण्याचा आमचा शिरस्ता आहे. तेव्हा गाडीत आम्ही पाच जण असतो आणि घाट चढायचा असतो.

मागच्या वर्षी मी दीड महिना मेलबर्नला पुतण्याकडे राहिलो. त्याच्याकडे प्लग-इन हायब्रिड, म्हणजे इंजिनाबरोबर मोटर आणि बाहेरून भरता येणारी बॅटरी असलेली कॉम्पॅक्ट एसयूव्ही आहे. रोज रात्री तो ती घरातल्या साध्या सॉकेटला लावी आणि आठवड्यातले कामाचे दिवस बहुतेक विजेवरच निघून जात. ती गाडी मी स्वतः पुष्कळ चालवली आणि विजेवर चालतानाची तिची शांतता माझ्या मनात बसली आहे. पण दोन गोष्टींचा उलगडा झाला नाही. बॅटरी भरलेली असतानाही चढावर पेडल तळापर्यंत दाबले की इंजिन सुरू होत असे. याउलट, पडद्यावर विजेवरचे अंतर शून्य दिसत असतानाही गाडी सिग्नलवरून इंजिनाविना सुटत असे. हे कसे घडते?

परत आल्यावर वाचायला बसलो, तर कोडे वाढलेच. टोयोटाने २०२० साली रॅव्ह-फोरचे प्लग-इन रूप आणले. तिच्यात २.५ लिटरचे, सुमारे १७६ अश्वशक्तीचे इंजिन आहे आणि साध्या, म्हणजे बाहेरून बॅटरी भरता न येणाऱ्या हायब्रिड रॅव्ह-फोरमध्येही जवळजवळ तेच इंजिन आहे. तरी साध्या हायब्रिडची एकत्रित शक्ती २१९ आणि प्लग-इनची ३०२. आपल्याकडे २०२२ पासून मिळणाऱ्या टोयोटा हायरायडर आणि मारुती ग्रँड विटारा या जोडीच्या स्ट्राँग हायब्रिड (म्हणजे वरच्यासारख्याच साध्या हायब्रिड) रूपात इंजिन ९२ चे आणि मोटर ८० ची आहे, पण एकत्रित शक्ती १७२ नसून ११६ सांगितली जाते. ही बेरीज नेमकी कशी करतात?

माझी खरी भीती मात्र वेगळीच आहे. प्लग-इन रॅव्ह-फोरचे वजन सुमारे १,९५० किलो, म्हणजे साध्या हायब्रिडपेक्षा दोनशे किलोंहून अधिक आहे. पुण्याच्या वाटेवर बॅटरी संपली, की एवढे ओझे वाहणारी पण निम्मा जोर गमावलेली गाडी हाती उरते का? गळीत हंगामात मोहोळच्या पुढे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर ओलांडताना जोर आयत्या वेळी कमी पडला, तर तो केवळ गैरसोयीचा प्रश्न राहत नाही. दुसरी काळजी उन्हाची आहे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४० च्या वर असतो आणि गाडी दिवसभर कारखान्याच्या पत्र्याच्या शेडखाली तापत उभी असते. अशा दिवसांत एसी लावून रोजचे चाळीस किलोमीटर विजेवर निभतील का?

या आकाराच्या प्लग-इन गाड्या आपल्या बाजारात आज सहज मिळत नाहीत, याची मला कल्पना आहे. दोन वर्षे थांबण्याची माझी तयारी आहे. मात्र थांबण्यात अर्थ नसेल, तर स्ट्राँग हायब्रिड घेऊन मोकळा होईन.

प्रतिसाद १

काका, नमस्कार. मी मूळचा सोलापूरचाच, सध्या पुण्यात वाहनांच्या पॉवरट्रेन चाचणीचे काम करतो. आपला बेरजेचा प्रश्न नेमका आहे आणि बाकीच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे त्याच्याच पोटात आहेत.

मोटर कितीही शक्तीची बसवली, तरी तिला तेवढी वीज त्या क्षणी पुरवणारे कोणीतरी हवे. हायरायडरची बॅटरी ०.७६ युनिटाची आहे. युनिट म्हणजे आपल्या लाइट बिलातलेच युनिट, एक किलोवॉट-तास. एवढ्या लहान बॅटरीतून एका वेळी २४ अश्वशक्तीच्या आसपासच वीज निघू शकते, म्हणून इंजिनाच्या ९२ मध्ये २४ मिळवून ११६ होतात. मग मोटर ८० ची कशासाठी, असे आपण विचाराल. तिला बॅटरीखेरीज इंजिनाने फिरवलेल्या जनित्राकडूनही वीज मिळते. पण ती शक्ती मुळात इंजिनाचीच असल्यामुळे दोनदा मोजता येत नाही.

हाच हिशेब रॅव्ह-फोरला लावून पाहा. साध्या हायब्रिडमध्ये २१९ मधून १७६ वजा केले की बॅटरीचा वाटा ४३ उरतो. प्लग-इनमध्ये १८.१ युनिटांची बॅटरी आहे आणि तिचा वाटा सव्वाशेच्या घरात जातो. हौद मोठा बांधला की त्याला नळही मोठा बसवता येतो, तसाच हा प्रकार आहे. थांबलेल्या अवस्थेतून ताशी ९७ किलोमीटरचा वेग ती गाडी ५.७ सेकंदांत गाठते असे कंपनी सांगते. तो वेग इंजिनामुळे नव्हे, या मोठ्या नळामुळे आलेला आहे.

आता आपल्या दोन कोड्यांकडे येतो. पेडल तळापर्यंत दाबले, म्हणजे मोटर आणि बॅटरी मिळून जेवढे देऊ शकतात त्याहून जास्त मागणी आपण केलीत, म्हणून नियंत्रकाने इंजिन जोडीला घेतले. बॅटरी तेव्हा भरलेली होती, तिचा नळ अपुरा पडला. पडद्यावरचे शून्य मात्र खरे शून्य नसते. बाहेरून भरलेला वापराचा भाग संपला, एवढाच त्याचा अर्थ. तळाचा काही हिस्सा नियंत्रक कधीच रिकामा होऊ देत नाही. तेथून पुढे गाडी साध्या हायब्रिडसारखी वागते. ब्रेक लावताना मिळणारी वीज आणि इंजिनाची उरलेली शक्ती त्या हिश्शात साठवते आणि गाडी सुटताना वापरते.

पुण्याच्या रस्त्याचा हिशेब मी मांडून पाहिला. दोन टनांची एसयूव्ही सपाट रस्त्यावर ताशी ८० ने चालवायला चाकांपाशी साडेनऊ किलोवॉटच्या आसपास, तर १०० ने चालवायला पंधरा ते सोळा किलोवॉट लागतात. सोळा किलोवॉट म्हणजे जेमतेम २२ अश्वशक्ती. १७६ अश्वशक्तीच्या इंजिनाला हे काम किरकोळ आहे, म्हणून एका वेगाने चालताना बॅटरी संपल्याचे आपल्याला जाणवणारही नाही. ओलांडताना दहा-बारा सेकंद जो जादा जोर लागतो, तो राखीव हिश्शातून मिळतो. भरलेल्या बॅटरीएवढा तो नसेल, पण निम्मा जोर गेला असेही होणार नाही. मात्र एकामागून एक पाच-सहा वाहने जोर लावून ओलांडली, तर राखीव हिस्सा पातळ होतो आणि सावरायला थोडा अवधी लागतो, हे ध्यानात असू द्यावे.

अमेरिकी सरकारी चाचणीत प्लग-इन रॅव्ह-फोरला विजेवर ६८ किलोमीटर मिळाले आहेत. शंभराच्या वेगाने आणि एसी लावून निघालात, तर मोहोळ मागे पडून टेंभुर्णी येण्याच्या आत वीज संपेल. त्यापेक्षा महामार्गाला लागताच बॅटरी राखून ठेवण्याचा मोड लावावा आणि ती वीज हडपसरच्या गर्दीत वापरावी. महामार्गावर इंजिन त्याच्या सोयीच्या भारावर चालते. मुंगीच्या पावलांनी सरकणाऱ्या रांगेत मोटरला तोड नाही. इंजिन चालवून बॅटरी भरण्याचा मोडही असतो, पण तो एरवी वापरू नये. पेट्रोलची वीज करून तिची पुन्हा गती करण्यात दोन्ही टप्प्यांवर घट येते.

तुळजापूरचे गणित मला सर्वांत आवडले. सोलापूरहून तुळजापूर सुमारे २०० मीटर उंच आहे. पाच माणसांसह २,२५० किलोंची गाडी तेवढी उचलायला साधारण सव्वा युनिट ऊर्जा लागते. अठरा युनिटांच्या बॅटरीला हे काहीच नाही. हायरायडर पाच माणसांसह सोळाशे किलोंच्या आसपास धरली, तर तिला पाऊण युनिटाहून थोडी जास्त, म्हणजे सुमारे ०.८७ युनिट ऊर्जा लागेल, आणि तिची अख्खी बॅटरी ०.७६ युनिटाची! म्हणून तेथे घाटाचा बराचसा भार इंजिनच वाहते आणि त्याचा आवाज चढतो. उतरतानाही लहान बॅटरी लवकर भरते. मग मोटरचा ब्रेक मिळेनासा होतो आणि नियंत्रक इंजिनाचा ब्रेक वापरू लागतो. मोठी बॅटरी अख्खा उतार पोटात घेते.

एक फरक मात्र गाडी घेताना जरूर पाहावा. टोयोटाच्या रचनेत इंजिन आणि मोटरी ग्रहीय गिअरने (मधल्या दातेरी चाकाभोवती छोटी चाके फिरतात अशा गिअरने) जोडलेल्या असतात आणि कमी वेगालाही इंजिनाची शक्ती थेट चाकांपर्यंत पोहोचते. मित्सुबिशीने २०१३ साली आणलेल्या आउटलँडर प्लग-इनमध्ये पुढे एक आणि मागे एक मोटर आहे, नेहमीचा गिअरबॉक्स नाही आणि पुढून मागे जाणारा शाफ्टही नाही. कमी वेगाला इंजिन केवळ जनित्र फिरवते आणि वेग वाढल्यावर क्लचने पुढच्या चाकांना जोडले जाते. शहरात ही रचना फार सुरेख चालते. पण बॅटरी उतरलेली असताना कमी वेगाने घाट चढायचा झाला, तर चाकांना मुख्यतः जनित्र जेवढे देईल तेवढ्यावर भागवावे लागते. अशा गाडीत घाटाच्या आधीपासून बॅटरी राखून ठेवणे शहाणपणाचे ठरते.

प्रतिसाद २

मी होटगी रस्त्याला राहते आणि तीन वर्षे पूर्ण विजेची गाडी चालवते, म्हणून उन्हाबद्दल लिहिते. एसीचा खर्च किलोमीटरवर नसतो, तासांवर असतो. तापलेली गाडी थंड होईपर्यंत एसी दोन-अडीच किलोवॉट घेतो, नंतर एक ते दीड. आपल्या चार फेऱ्यांना मिळून दोन तास लागत असतील, तर मेमधल्या दिवशी अडीच-तीन युनिटे एसीलाच गेली असे धरा. अठरा युनिटांच्या बॅटरीत आपले चाळीस किलोमीटर तरीही आरामात बसतील. अकरा-बारा युनिटांची बॅटरी असलेल्या प्लग-इन गाड्याही परदेशात आहेत. त्यांत बसणार नाहीत, संध्याकाळच्या फेरीला इंजिन लागेल.

बॅटरी कशाने थंड ठेवतात, हे मात्र आवर्जून विचारा. अनेक हायब्रिड गाड्यांमध्ये मागच्या आसनाजवळच्या जाळीतून केबिनमधली हवा ओढून पंख्याने बॅटरीवर सोडतात. आपल्याकडच्या धुळीत ती जाळी आणि तिच्यातला फिल्टर वरचेवर साफ करावा लागतो. एसीच्या गॅसवर किंवा द्रवावर थंड होणारी बॅटरी आपल्या हवेला जास्त योग्य. पूर्ण भरलेली बॅटरी उन्हात उभी ठेवणेही टाळावे. रात्री उशिरा चार्जिंग सुरू होऊन पहाटे संपेल अशी वेळ लावून ठेवावी.

आणि गाडीच्या आधी घरातली अर्थिंग तपासून घ्या, दादा. अर्थिंग कमकुवत असेल, तर चार्जर गाडी भरायला साफ नकार देतो. आमच्याकडे पहिले चार दिवस हाच घोळ चालला होता. पंधरा अँपिअरच्या सॉकेटला स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी हवी, आणि मंजूर भार कमी असेल तर महावितरणकडे वाढवून घ्यावा लागतो. रोजची आठ-नऊ युनिटे म्हणजे महिन्याला अडीचशेच्या आसपास. बिल वरच्या स्लॅबमध्ये जाते, तेही हिशेबात धरा.

प्रतिसाद ३

वरचे दोन्ही प्रतिसाद अचूक आहेत, तरी एक इशारा द्यावासा वाटतो. युरोपीय आयोगाने २०२४ साली प्रत्यक्ष रस्त्यावरच्या गाड्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा प्लग-इन हायब्रिडचे कार्बन उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघाले. लोक गाडी पुरेशी भरत नाहीत, हे त्याचे मोठे कारण. न भरलेली प्लग-इन म्हणजे दोनशे किलो जादा वाहणारी साधी हायब्रिड. आपण दुपारी जेवायला घरी येता, ही मोठी अनुकूल गोष्ट आहे. दीड तासात तीन-साडेतीन युनिटे सहज भरतील. हा नेम वर्षभर पाळता येणार असेल, तरच थांबा. नसेल, तर आपल्या धावपळीला स्ट्राँग हायब्रिड चांगली आहे. कराची बाजूही विसरू नये : पूर्ण विजेच्या गाडीला जीएसटी ५ टक्के आहे, हायब्रिडला ती सवलत नाही.

मूळ प्रश्नकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. सव्वा युनिटाचे गणित मी रात्री कागदावर स्वतः करून पाहिले आणि ते बरोबर जुळले. ताईंनी सांगितल्यावर वायरमनला बोलावले. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये चौदा व्होल्ट निघाले. अर्थिंगचा खड्डा पार कोरडा पडला होता. तो नव्याने करायला सांगितले आहे, कारण गाडी कोणतीही आली तरी घराला ते हवेच आहे.

दुपारी गाडी लावण्याचा नेम मला पाळता येईल, अशी खात्री वाटते. म्हणून थांबण्याकडे माझा कल झुकला आहे. आता एकच शंका उरली. रोजचे सगळे विजेवर झाले, तर टाकीतले इथेनॉलमिश्रित पेट्रोल आठवडेच्या आठवडे पडून राहील. पावसाळ्यात ते ओलावा धरणार नाही का?

प्रतिसाद १ लिहिणाऱ्यांकडून

इथेनॉल ओलावा धरते, ही शंका रास्त आहे. म्हणूनच या गाड्यांची टाकी बहुधा हवाबंद असून दाबाखाली असते. पेट्रोल भरण्याआधी एक बटण दाबून दाब उतरेपर्यंत थांबावे लागते आणि मगच झाकण उघडते. काही गाड्या फार दिवस इंजिन वापरले नाही, तर ते आपणहून थोडा वेळ चालवतात, म्हणजे तेलही फिरते आणि जुने पेट्रोलही खपते. तरी टाकी काठोकाठ भरू नये, गरजेपुरतेच पेट्रोल ठेवावे. आपली पुण्याची एक जा-ये पाचशे किलोमीटरची आहे आणि तीत पंचवीस-तीस लिटर पेट्रोल जाईल. महिन्यात अशा दोन फेऱ्या होत असतील, तर आपल्या टाकीत पेट्रोल जुने व्हायला उरणारच नाही.