थर, पदर, आळण आणि खरवड

मावशीसाठी एक फ्रेंच पाककृती मराठीत लिहायला घेतली आहे. बटाटा, गाजर आणि दुधीच्या चकत्या भांड्यात एकावर एक रचायच्या, मधेमधे पार्सली आणि थाइम घातलेला पांढरा सॉस ओतायचा, वर चीज किसून ओव्हनमध्ये तांबूस होऊ द्यायचं. यंत्राने केलेलं भाषांतर तिला दाखवलं, तर त्यात ‘भाज्यांचे स्तर’ आणि ‘मलईदार औषधी वनस्पती सॉस’ निघाला. मावशीने विचारलं, “काढा आहे का गं हा?” तिच्या तोंडात बसतील असे शब्द सुचवा. आणि या पदार्थाचं फ्रेंच नाव ‘ग्रातँ’, त्याला मराठीत काय म्हणावं?

—

‘स्तर’ खडकांना आणि समाजाला ठेवा. स्वयंपाकघरात थर, पदर आणि पापुद्रा हे तीन शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. थर आपण लावतो: बिर्याणीत भाताचा थर, दहीहंडीला माणसांचे थर. पदर सुटतात. साटा लावून लाटलेला चिरोटा तुपात पडला की पदर आपोआप उलगडतात, घडीच्या पोळीचंही तसंच. पापुद्रा म्हणजे नखाने उचलता येईल इतका पातळ, भाकरी टम्म फुगल्यावर वर येतो तो. तुमच्या चकत्यांना थरच हवा. ‘थर लावा’ किंवा ‘थर द्या’, दोन्ही बरोबर.

—

मी वऱ्हाडातली. सॉसबद्दल सांगते. लोण्यात मैदा परतून त्यात दूध घालतात, अर्ध्या लिटरला साधारण ४० ग्रॅम मैदा. त्या मैद्याचं काम आमच्याकडे बेसन करतं आणि त्याला आळण म्हणतात. ‘भाजीला आळण लाव’ हे वाक्य मी रोज ऐकत मोठी झाले. मेथीचं आळण तर आख्खा पदार्थच आहे. म्हणून ‘दुधाला मैद्याचं आळण लावा’ असं लिहा, मावशींना कृती लगेच कळेल. फक्त ‘आटवा’ लिहू नका. आटतं ते पाणी उडून, आळतं ते पिठाच्या बळावर. आणि ‘आळण’मधला आ जपा, ‘अळणी’ म्हणजे मीठ नसलेलं.

या सॉसचं बेशामेल हे नाव फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईच्या पदरी असलेल्या लुई द बेशामेलवरून पडलं. त्यात जायफळ किसतात, पुरणात घालतो तेच.

—

पार्सली, थाइम यांना मराठीत एक सामाईक नाव लागतंच असं नाही. आपण ‘सुगंधी वनस्पती घाला’ म्हणतो का? कोथिंबीर घाला, कढीपत्ता घाला म्हणतो. नाव घेऊन लिहा. पार्सली, कोथिंबीर आणि शेपू एकाच कुळातली. पार्सली मिळाली नाही तर शेपू घ्यावा, पांढऱ्या सॉसमध्ये तो फार छान लागतो. एकत्र म्हणायचंच असेल तर ‘पाला’ आहे. रायगडात पोपटीच्या मडक्यात तळाशी भांबुर्ड्याचा पाला, मग वालाच्या शेंगा, तोंडाशी पुन्हा पाला कोंबतात आणि मडकं उलटं ठेवून भोवती जाळ करतात. पाल्याचा वास शेंगांना लागतो. तुमच्या थाइमचं कामही तेवढंच.

—

आता ‘ग्रातँ’. फ्रेंचमध्ये ‘ग्राते’ म्हणजे खरवडणे आणि ‘ग्रातँ’ म्हणजे भांड्याला चिकटून राहिलेलं, खरवडून काढायचं ते. आपली खरवड! बासुंदीचं पातेलं रिकामं झालं की आम्ही भावंडं कालथा घेऊन त्याच्याभोवती बसायचो. कडेची तपकिरी खरवड कुणाला मिळणार यावर रडारड व्हायची. दोन भाषांनी एकाच हालचालीवरून शब्द घडवला याचा मला मनापासून आनंद होतो. आल्प्सकडच्या दोफिने प्रांतातल्या बटाट्याच्या ग्रातँचा उल्लेख १२ जुलै १७८८ रोजी गाप शहरातल्या एका मेजवानीत सापडतो.

—

पण खरवड तळाला असते. ग्रातँची तांबूस साय वर धरते. मावशी तळ खरवडत बसतील.

—

मूळ ग्रातँही तळालाच होतं, अर्थ पुढे वरच्या कवचावर सरकला. मराठीत मात्र खरवड अजून तळाशीच आहे, हे तुमचं म्हणणं मान्य. मग नाव ‘ग्रातँ’च ठेवा आणि वर्णनात ‘खरपूस’ वापरा.

—

सगळ्यांचे आभार. मावशीला हे वाचून दाखवलं:

“बटाटा, गाजर, दुधीच्या पातळ चकत्या करा. लोण्यावर मैदा कच्चा वास जाईपर्यंत परता, त्यात दूध थोडं थोडं घालत गुठळी न होऊ देता आळू द्या. मीठ, जायफळ, चिरलेला शेपू घाला. भांड्याला आतून लसूण चोळा. चकत्यांचा एक थर, वर सॉस, असे तीन थर लावा. वरून चीज किसा आणि कडा खरपूस होईपर्यंत भाजा. कडेची खरवड टाकू नका.”

शेवटचं वाक्य मावशीने सांगून घालायला लावलं.