अमेरिकेतल्या खात्याचे दोन राउटिंग नंबर: पगाराला कोणता आणि पुण्याहून येणाऱ्या पैशांना कोणता?

नवखा_जर्सीत
नमस्कार मंडळी. खातं कॅलिफोर्नियात शिकत असताना उघडलेलं आहे, नोकरी आता न्यू जर्सीत. एचआरने डायरेक्ट डिपॉझिटचा (पगार थेट खात्यात जमा होण्याचा) फॉर्म पाठवलाय. बँकेच्या अ‍ॅपमध्ये दोन राउटिंग नंबर (बँकेची ओळख सांगणारे क्रमांक) दिसतात, एक 'पेपर अँड इलेक्ट्रॉनिक' असा आणि दुसरा 'वायर' असा. गुगलवर न्यू जर्सीचा म्हणून तिसराच नंबर येतोय. यातला कोणता भरू? शिवाय बाबा पुण्यातून घराच्या डिपॉझिटसाठी पैसे पाठवणार आहेत. त्यांची बँक स्विफ्ट कोड (बँकेचा आंतरराष्ट्रीय ओळख-कोड) आणि 'एबीए नंबर' असं दोन्ही मागतेय. चेकबुक घेतलेलं नाही.

खतावणी
पगारासाठी 'पेपर अँड इलेक्ट्रॉनिक' वाला, आणि तोही कॅलिफोर्नियाचा. नंबर खातं जिथे उघडलं त्या राज्याला बांधलेला असतो, तुमच्या पत्त्याला नाही. त्यामुळे घर बदललं, राज्य बदललं तरी तो बदलत नाही. न्यू जर्सीचा नंबर त्याच बँकेचा असला तरी तो तुमच्या खात्याचा नव्हे.

दोन नंबर असण्याचं कारण म्हणजे पैसे जाण्याचे रस्ते दोन आहेत. पगार, टॅक्स रिफंड, वीजबिल हे सगळं एसीएचने (ऑटोमेटेड क्लिअरिंग हाउस, बँकांमधली गठ्ठ्याने पैसे फिरवण्याची यंत्रणा) जातं: व्यवहार गठ्ठ्याने पुढे सरकतात आणि साधारण एक-दोन कामकाजाच्या दिवसांत जमा होतात. वायर (एका बँकेतून दुसरीत थेट पाठवलेली रक्कम) मात्र एकेकटी जाते, बहुतेक त्याच दिवशी पोचते, आणि एकदा जमा झाली की परत मागवता येत नाही. बऱ्याच मोठ्या बँका सगळ्या देशाच्या वायर एकाच नंबरवर घेतात. बँक ऑफ अमेरिकाचं उदाहरण घ्या. कॅलिफोर्नियात उघडलेल्या खात्याचा एसीएच नंबर १२१०००३५८, आणि वायरचा ०२६००९५९३. सुरुवातीचे १२ म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोचा फेडरल रिझर्व्ह (अमेरिकेची मध्यवर्ती बँक) विभाग, ०२ म्हणजे न्यूयॉर्क. खातं कॅलिफोर्नियातलंच, पण वायर न्यूयॉर्कच्या दारातून आत येते.

पगाराच्या फॉर्मवर वायरचा नंबर लिहिला, तर तो नंबर एसीएच स्वीकारत नसल्यास व्यवहार परत जातो आणि पहिला पगार लांबतो. लहान बँकांचा आणि क्रेडिट युनियनचा (सभासदांच्या मालकीच्या पतसंस्थांचा) बहुधा सगळ्याला एकच नंबर असतो, तिथे हा घोळ होत नाही.

आकडेमोड
फॉर्म पाठवण्याआधी नंबर कागदावर तपासून घ्या, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. राउटिंग नंबर नऊ आकडी असतो. पहिले चार फेडरल रिझर्व्हचे, पुढचे चार बँकेची ओळख, आणि नववा फक्त पडताळणीचा.

पहिला, चौथा, सातवा आकडा यांची बेरीज गुणिले ३. दुसरा, पाचवा, आठवा यांची बेरीज गुणिले ७. तिसरा, सहावा, नववा यांची नुसती बेरीज. तिन्हींच्या एकूण बेरजेचा शेवटचा आकडा शून्य आला पाहिजे. वरचाच नंबर घ्या, १२१०००३५८:
(१+०+३) × ३ = १२
(२+०+५) × ७ = ४९
(१+०+८) = ९
एकूण ७०. बरोबर.

एक आकडा चुकला तर ही बेरीज हमखास फसते. शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले तरी बहुतेक वेळा पकडते, पण त्या दोघांत पाचाचा फरक असेल (२ आणि ७, ४ आणि ९) तर चूक सुटून जाते. आणि हिशोब जमला म्हणजे आकडे उतरवताना बहुधा चूक झालेली नाही एवढंच कळतं. तो तुमच्या खात्याचा आहे का, हे त्यातून कळत नाही.

नवखा_जर्सीत
हिशोब जमला, आभार. पण एचआर 'व्हॉइड चेक' (रद्द केलेला चेक) मागतंय आणि माझ्याकडे चेकच नाही.

खतावणी
बँकेच्या अ‍ॅपमध्ये किंवा वेबसाइटवर 'डायरेक्ट डिपॉझिट फॉर्म' शोधा. तुमचं नाव, राउटिंग नंबर आणि खाते क्रमांक छापलेली पीडीएफ मिळते. बहुतेक एचआरना ती चालते. मिळाली नाही तर शाखेत जाऊन एखादा काउंटर चेक (शाखेतच छापून मिळणारा सुटा चेक) मागा आणि त्यावर आडवं, मोठ्या अक्षरात व्हॉइड लिहा. सही करू नका.

चेक हातात आला की खालची चुंबकीय शाईची ओळ बघा. उभी रेघ आणि शेजारी दोन ठिपके अशा खुणेच्या जोडीमध्ये जे नऊ आकडे असतात, तोच राउटिंग नंबर. साध्या वैयक्तिक चेकवर डावीकडून राउटिंग, खाते क्रमांक, चेक क्रमांक असा क्रम असतो. कंपनीच्या मोठ्या चेकवर चेक क्रमांक सगळ्यात आधी येतो. म्हणून 'डावीकडचा पहिला' असं पाठ न करता खुणा बघा. चेक क्रमांक उजव्या कोपऱ्यात वरही छापलेला असतो, त्याच्याशी ताडून बघितलं की तो खाते क्रमांकाला चिकटवण्याची चूक होत नाही. ती चूक फार लोक करतात.

डिपॉझिट स्लिपवरून नंबर कधीही उतरवू नका. तिथे बँकेचा अंतर्गत नंबर असू शकतो, बऱ्याचदा ५ ने सुरू होणारा, आणि त्यावर पगार जमा होत नाही. खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यंही गाळू नका. चेकिंग की सेव्हिंग्ज, ही खूण नीट करा. सगळ्यात जपायचा तो खाते क्रमांक, कारण एसीएचमध्ये बँक नावाची जुळणी न करता नुसत्या आकड्यांवर पैसे जमा करू शकते. अस्तित्वात नसलेला क्रमांक पडला तर व्यवहार साधारण दोन कामकाजाच्या दिवसांत परत येतो. दुसऱ्या कुणाच्या चालू खात्याचा क्रमांक पडला, तर पैसे त्याच्याकडे जातात आणि सोडवून आणणं जिकिरीचं होतं.

सदाशिव_ते_सिएटल
आता बाबांचं. भारतातून येणारे पैसे वायरने येतात, म्हणून त्यांना वायरचा नंबर द्यायचा. एबीए नंबर आणि राउटिंग नंबर एकच. अमेरिकन बँकर्स असोसिएशनने १९१० साली ही पद्धत आणली, त्यावरून ते नाव. त्यांना एवढं लिहून पाठवा: खात्यावर आहे तसंच तुमचं नाव, तुमचा पत्ता, खाते क्रमांक, बँकेचं नाव आणि पत्ता, स्विफ्ट कोड (८ किंवा ११ अक्षरांचा), वायरचा राउटिंग नंबर. आयबॅनचा (युरोप वगैरेकडच्या आंतरराष्ट्रीय खाते क्रमांकाचा) रकाना आला तर तिथे खाते क्रमांक लागतो, अमेरिकेत आयबॅन नाही.

बाबांकडे पॅन लागेल आणि ए-२ फॉर्म (परदेशी पैसे पाठवण्याचा अर्ज) भरावा लागेल. मर्यादा माणशी आर्थिक वर्षाला २.५ लाख डॉलर. घराचं डिपॉझिट नेमक्या रकमेचं असेल तर फॉर्मवर खर्चाच्या रकान्यात 'अवर' (OUR) निवडायला सांगा, म्हणजे मधल्या बँकांचा आकार पाठवणाऱ्याकडून घेतला जातो. 'शेअर्ड' निवडलं की वाटेत काही डॉलर कापले जाऊ शकतात आणि घरमालकाला रक्कम कमी पडते. एखाद्या क्रेडिट युनियनला स्वतःचा स्विफ्ट कोड नसेल तर मधल्या बँकेचा तपशील लागतो. त्यांच्याकडूनच 'आंतरराष्ट्रीय वायर घेण्याच्या सूचना' लेखी मागवा.

आपल्या लोकांची हटकून होणारी गफलत म्हणजे भारतीय चेकवरचा एमआयसीआर कोड. तोही नऊ आकडीच. मुंबईचा ४०० ने, पुण्याचा ४११ ने सुरू होतो. तो राउटिंग नंबर नव्हे. इकडून पुण्याला पैसे पाठवताना आयएफएससी लागतो: अकरा अक्षरं, आधी बँकेची चार (महाराष्ट्र बँकेची एमएएचबी), मग शून्य, मग शाखेची सहा. त्या पाचव्या जागी इंग्रजी ओ टाइप करू नका.

आकडेमोड
खतावणींच्या उत्तरात एक भर. हाच एसीएच नंबर पुढे टॅक्स रिफंडला लागेल. फॉर्म १०४० वर (अमेरिकेचं आयकर विवरणपत्र) ओळ ३५बी राउटिंगची, ३५सी खात्याच्या प्रकाराची, ३५डी खाते क्रमांकाची. तिथे पहिले दोन आकडे ०१ ते १२ किंवा २१ ते ३२ यांतलेच चालतात. आणि नंबर घ्यायचा तो बँकेच्या अ‍ॅपमधून लॉगिन करूनच. गुगलच्या पानावर 'न्यू जर्सीचा' म्हणून जो दिसला, तो विसरून जा.